मामा, भाचा आणि चाचे

मे महिन्यात भाचा मालवणला आला तो लॅपटॉप घेऊन. दिवसभर पडवीत बसून 'वन पीस' बघायचा. 1999 पासून चाललेली ही जपानी ॲनिमे मालिका, हजारावर भाग, आणि गोष्ट कुणाची, तर समुद्री चाच्यांची. सगळे भाग टोरंटवरून फुकट उतरवलेले. म्हणजे चाच्यांची गोष्ट चाचेगिरी करून बघायची, आणि तीही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या गावात बसून! कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत, याचा राग आमच्या घरात अजून धरतात. घरातल्या चाच्याला मात्र आईने कोकम सरबत नेऊन दिलं.

"अरे, ती चित्रं काढणारी माणसं रात्र रात्र जागतात. त्यांच्या पोटाचं काय?" मी म्हणालो.

"मामानु, माजे पैशे त्यांका गावनत नाय. ते कमिटीक जातत."

कार्टं खोटं बोलत नव्हतं. प्रकाशक, टीव्हीवाले, खेळणीवाले मिळून कमिटी करून पैसे घालतात, नफाही त्यांचाच. स्टुडिओला बहुतेकदा ठरलेली मजुरी. मग मी ॲनिमे दाखवणारं क्रंचीरोल ॲप काढलं. 2022 मध्ये त्यांनी भारतातला दर महिन्याला 79 रुपयांवर आणला होता. तेवढ्यात बाजारात बांगड्याचा बरा वाटा येईलच असं नाही. पण हेच क्रंचीरोल 2006 मध्ये सुरू झालं तेव्हा चाहत्यांनी विनापरवाना चढवलेले भाग दाखवायचं, पुढे रीतसर झालं आणि 2021 मध्ये सोनीने ते विकत घेतलं, हे वाचून दाखवण्याची अवदसा मला आठवली.

"म्हणजे मी फकस्त वीस वर्सां मागे आसंय," भाचा म्हणाला.

त्याच दुपारी त्याला ट्रंकेत कॅसेट सापडली. बॉलपेनने लिहिलेलं: 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक 1980 मध्ये आलं, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने हजारो प्रयोग गाजवले. आमच्या बाबांनी कोरी कॅसेट देऊन ते एका दुकानातून भरून आणलेलं. दर चतुर्थीला ती वाजायची, फीत चावली गेली की पेन्सिलीने गुंडाळायची. अख्खं घर संवाद तोंडपाठ म्हणायचं.

"हेचे पैशे गवाणकरांका पोचले?"

"ते वेगळं," मी म्हणालो. कसं वेगळं ते शोधायला दोन दिवस लागले.

हेच बाबा जत्रेतल्या दशावतारात मात्र उदार. तिकीट नाही, जमिनीवर बसून पहाटेपर्यंत बघायचं. संवाद लिहिलेले नसतात, राजा उभ्या उभ्या रचतो. स्त्रीपार्टी रडायला लागला की बाबा उठून नोट हातात ठेवायचे आणि माइकवरून नाव पुकारलं जायचं. घरी आल्यावर प्रत्येकाला विचारायचे, "आयकलंस मां?" त्यातले निम्मे पैसे कलेचे आणि निम्मे लाउडस्पीकरचे, असा माझा हिशेब आहे. आता त्याच जत्रेत मोबाइल उंच धरून रात्र रेकॉर्ड करतात आणि यूट्यूबवर चढवतात. त्या जाहिरातींतलं राजाला काही पोचतं, असं माझ्या ऐकण्यात नाही.

शेवटी क्रंचीरोलचे महिन्याचे पैसे मीच भरले. खात्यातून कापल्याचा मेसेज आला. भाचा लगेच चाच्यांकडे वळला. मी तसाच बसून राहिलो.

"मामानु, काय आयकतास?"

नाव पुकारतात का ते, असं सांगायची लाज वाटली.