शिवेबाहेरचा कॅमेरा

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी लागायची. ही हद्द राखायला इंग्रजांनी जेराल्ड ऑंजियरच्या अमदानीत, १६६९ ते १६७७ या काळात, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. आता त्या किल्ल्यावर जोडपी बसतात आणि कुणी कुठवर हद्द पाळायची ते आपापसात ठरवतात. पण हद्दीच्या या गावात राहून हद्द हा शब्दच ठाऊक नसलेला एक इसम माझ्या घरोब्यात आहे. माझा मेहुणा.

मेहुण्याला फिल्म कॅमेऱ्यांचं वेड आहे. फोटोंचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याच्याकडे सात कॅमेरे आहेत. फोटोग्राफी आठवा आल्यावर सुरू व्हायची आहे. सातवा यायच्या आधी ती सातवा आल्यावर सुरू होणार होती.

वेडाची सुरुवात एका जुन्या यशिकाने झाली. मग निकॉन. मग शुक्रवारी चोर बाजार आणि शनिवारी फोर्टातला बोरा बाजार असे वार लागले. लोक सिद्धिविनायकाला मंगळवार धरतात, तसे. कॅमेरा घरी आला की तो खिडकीपाशी ठेवतो, तिरपा उजेड घेतो आणि त्याचा फोटो काढतो. सुरेख काढतो, खोटं कशाला बोला! मोबाइलवर.

मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, हे खरंच आहे. म्हणून त्याने ड्राय कॅबिनेट घेतलं. काचेचं दार, आत मंद दिवा, बाहेर हवेतला ओलावा दाखवणारा आकडा. जुलैमध्ये त्याच्या दोन खोल्यांत कोरडी अशी तेवढीच एक जागा असते. एकदा त्याच्या बायकोने बाळाची दुपटी त्यात वाळत घातली. दुपटी खडखडीत वाळली, पण घरातलं वातावरण कोरडं व्हायला दोन दिवस पुरले नाहीत.

आठवा कॅमेरा म्हणजे लायका एम-सिक्स. हा १९८४ साली निघाला, पुढे बंद झाला आणि हौशी लोकांचे उसासे ऐकून की काय, कंपनीने २०२२ मध्ये तो पुन्हा काढला. किंमत पाच हजार डॉलरच्या वर. रुपयांत सांगितलं तेव्हा आईने कुकरचा गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं. मेहुण्याचा युक्तिवाद तयार होता.

"भाऊजी, दादासाहेब फाळक्यांनी विमा गहाण टाकला होता की नाही? सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले की नाही?"

त्याच्या बायकोचा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला.

दोन्ही गोष्टी खऱ्या. फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण आल्यावर त्यांनी केलं काय? दादरला कुंडीत वाटाणा पेरला, त्याला कोंब कसा फुटतो आणि वेल कसा चढतो ते थोडं थोडं करून टिपलं, आणि ती एवढीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. या सगळ्या कथेतून मेहुण्याने नेमके दागिने तेवढे उचलले. वाटाण्याला हात लावला नाही.

मग मी त्याला बाबूराव पेंटरांचं सांगायला गेलो. विकतचा कॅमेरा परवडत नाही म्हणून कोल्हापुरात त्यांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतःच कॅमेरा घडवला आणि पुढे १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. हा उपदेश अंगाशी आला. पुढचा आठवडाभर मेहुणा लेथ मशीनच्या किमती विचारत फिरत होता.

मध्येच २०२४ मध्ये पेंटॅक्सने एक नवा फिल्म कॅमेरा काढला. तो अर्ध्या फ्रेमवर फोटो घेतो, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२ बसतात. मेहुण्याने यावर फार विचार केला आणि नको म्हणाला. त्याचा ३६ चा रोल संपायला दीड वर्ष लागतं. कोडॅक्रोम फिल्मचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मकरीच्या हाती पडला, तेव्हा ३६ फ्रेममध्ये न्यूयॉर्कपासून मुंबईच्या सिनेनटांपर्यंत त्याची मजल गेली होती. आमच्या गृहस्थाला तेवढ्या फ्रेममध्ये चुनाभट्टीही गाठता आलेली नाही.

एक मात्र कबूल करायला हवं, त्याच्याकडे विषय होता. शीव स्टेशनचा पूल. १९१२ चा, म्हणजे फाळक्यांच्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊच. पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी तो पाडणार असं ठरलं, तेव्हा मेहुणा खरोखर हळहळला. पुलाचा शेवटचा फोटो आपणच काढायचा, कृष्णधवल, पहाटेच्या उजेडात. पण काढायचा तर एम-सिक्सवरच.

आणि एम-सिक्स यायचा होता.

पुलानेही त्याच्यासाठी काय कमी केलं? पाडकामाची तारीख लागली, पुढे गेली. पुन्हा लागली, पुन्हा गेली. कधी मुलांच्या परीक्षा, कधी लोकसभेची निवडणूक. एका छायाचित्रकारासाठी रेल्वेने इतके महिने वाट पाहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सात कॅमेरे कॅबिनेटमधून पुलाची बातमी ऐकत होते. त्यातला कुठलाही काढून, खाली उतरून, दहा मिनिटांत काम झालं असतं. मी तसं म्हणालो तर त्याने मला समजावलं, "भाऊजी, त्या टोनमध्ये मजा नाही."

१ ऑगस्ट २०२४ ला पूल बंद झाला. एम-सिक्स, सेकंडहँड, पीएफला भोक पाडून, दसऱ्याला आला. त्याची पूजा झाली, हळदीकुंकवाचं बोट मात्र लावू दिलं नाही. मग मेहुणा गळ्यात चार लाखांचा ऐवज लटकवून स्टेशनाकडे गेला आणि बंद पुलापुढच्या पत्र्यांचे तीन फोटो काढून परत आला. रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. आकडा चौदावर आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आईने माळ्यावरून अल्बम काढला होता, दुसऱ्याच कुठल्या फोटोसाठी. काळी जाड पानं, कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनायचा तो. बारा चौकोनी फोटोंचा रोल, पाडव्याला भरला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. फिरवायला त्यात फारसं काही नव्हतंच. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा, एवढंच वडिलांचं शास्त्र.

पानं उलटता उलटता मेहुणा थबकला. फोटोत हाफ पँटमधला मी, उन्हाने डोळे बारीक केलेला. आईने वाऱ्यावर उडणारा पदर धरलेला. पुढ्यात वडिलांची लांबलचक सावली. आणि आमच्या मागे कठडा, खाली रूळ, एका लोकलची टपं, सगळा पूल लख्ख.

मेहुण्याने फोटो उजेडाला धरला, तिरपा केला, डोळ्यांजवळ नेला. त्याचा आवाज जरा बसला होता.

"मावशी, हा कशावर काढलाय?"

"कशावर म्हणजे?" आई म्हणाली. "पुलावर."