मांडवीकाठची फुकट कला

सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून पणजीत मांडवीच्या काठाने डिसेंबरात भरू लागला. प्रवेश फुकट, फक्त नाव नोंदवायचे. त्याचे एक ठळक ठिकाण म्हणजे जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत. कॉलेज बांबोळीला गेले, रोगीही गेले. त्यांच्या जागी मांडणशिल्पे आली. येणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मात्र तोच राहिला: नेमके काय झाले आहे, ते जाणत्याने एकदा सांगून टाकावे. सांगायला भिंतीवर फलक असतो. तो वाचल्यावर दुसरे मत घ्यावेसे वाटते. समोर नदीत कॅसिनोंच्या बोटी नांगरलेल्या. तिथे शिरायलाच पैसे पडतात, पण आशय कोणी विचारत नाही. पणजीकर या दोन्ही उत्सवांत सारखाच सहभागी असतो, गाडी लावायला जागा शोधत.