चाकराची बढती

सोलापूरच्या सहकारी बँकेत विडी वळणाऱ्या खातेदार बाईची सही एका वेलांटीने चुकली, तरी तिला आधार आणि पॅन घेऊन पुन्हा रांगेत उभे केले जाते. कारण अर्थातच सुरक्षा. अशा बँकांची संगणकसेवा ज्यांच्या हाती असते, त्यांच्याकडील जेन्किन्स या सर्व्हरचा, म्हणजे प्रोग्रामरचा कोड आपोआप जुळवून, तपासून कामाला लावणाऱ्या चाकराचा (त्याच्या बोधचिन्हातही बो लावलेला बटलरच आहे), स्वभाव मात्र फार उदार निघाला. आज्ञेत ‘@’ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचा पत्ता लिहिला, की तो ती फाइल वाचून दाखवी. अनोळखी माणसाला पहिल्या काही ओळी, वाचनाची किरकोळ परवानगी असलेल्याला संपूर्ण. त्यातून गुप्त किल्ल्या हाती आल्यास, ज्येष्ठता वा विभागीय परीक्षा आड न येता, थेट प्रशासकपदी बढती मिळू शके. या प्रकाराला ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’, अर्थात अनधिकृत अधिकारवाढ, म्हणतात.

दुरुस्ती 24 जानेवारी 2024 रोजी आली. 31 जुलैला खंडणीखोर हल्ल्यामुळे टीसीएस व स्टेट बँकेच्या संयुक्त ‘सी-एज’ कंपनीला राष्ट्रीय देयक महामंडळाने आपल्या जाळ्यापासून तोडले, तेव्हा देशातील सुमारे 300 लहान बँकांचे व्यवहार अडले. ‘क्लाउडसेक’ या सायबरसुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर ‘ब्रॉन्टू’ या संबंधित कंपनीच्या नीट न बसवलेल्या जेन्किन्समधूनच शिरले होते.

ती दुरुस्ती विनामूल्य होती.