राजीनामा यांस खुले पत्र

रा. रा. राजीनामा यांस,
स. न. वि. वि.

आपण फारसीतून आलात तेव्हा कागदपत्रे चोख होती. राजी असल्याचा लेख, म्हणून राजीनामा. दोन भांडणारे राजी झाले की तळाशी आपण हजर. हिंदी मुलखात आपण अजून हाच धंदा सचोटीने करता. लोकअदालतीत नवरा-बायकोचा ‘राजीनामा’ झाल्याची बातमी इंदूर-ग्वाल्हेरकडे छापून येते, तेव्हा साताऱ्याहून तिकडे गेलेली सून हळहळते, “मोडला हो संसार!” सासूबाई म्हणतात, “अगं, समेट झाला. दोघं हार घालून घरी गेली.”

मराठी, कन्नड आणि नेपाळीत मात्र आपण नाव तेच ठेवून धंदा बदललात. 26 जुलै 2021 रोजी कर्नाटकात येडियुरप्पांनी भर सभेत डोळे पुसत मुख्यमंत्रिपद सोडले. कन्नडिगांनी त्याला ‘राजीनामे’ म्हटले. 9 सप्टेंबर 2025 रोजी निदर्शनांनी काठमांडू पेटल्यावर पंतप्रधान ओली पायउतार झाले, नेपाळीतही राजीनामाच. यात राजी नेमके कोण होते, साहेब?

आपले जुने दप्तर चाळले. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. कन्नड मुलखातले धारवाड, बेळगाव, विजापूरही त्याच इलाख्यात. दुष्काळाने, कर्जाने पिचलेला कुणबी वावर सोडायचा आणि आपण वर लिहायचात, ‘राजीखुशीने’! ही सवय पुढे शेतावरून खुर्चीवर गेली असल्यास नवल नाही. बढतीबद्दल अभिनंदन.

1956 साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद स्वतःहून सोडले, तेव्हा आपल्या नावाची लाज राखली गेली. एरवी आपण मागितले जाता, घेतले जाता, फेटाळले जाता. सोडणारा तेवढा सोडून बाकी सगळे राजी.

त्यातही महाराष्ट्रात आपला मुक्काम बहुधा खिशात. “राजीनामा खिशात घेऊन फिरतो,” असे मंत्री गरजतात, सायंकाळी बैठक होते, चहा होतो, आणि सकाळी लाल दिव्याची नसली तरी सरकारी गाडी दाराशी उभी असते. तेव्हा एवढाच खुलासा करावा: त्या खिशातला कागद मराठीतला असतो की हिंदीतला?

कळावे,
आपला नाराज,
एक वाचक