काका, नळाचं आणलंत का?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘युरिन एसीआर’ लिहिलं आणि म्हणाले, “सकाळची पहिली लघवी द्या. अल्ब्युमिन जातंय का बघू.” साखर जुनी, बीपी नवीन. परीक्षा म्हटली की अभ्यास सोडून बाकी सगळं करायची माझी शाळेपासूनची सवय.

अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातला पांढरा बलक, एवढं ज्ञान गाठीशी होतं. अंडी बंद केली. तब्येत ठणठणीत दिसावी म्हणून आदल्या दिवशी पेठचा किल्ला गाठला. आंबिवलीहून पेठवाडीला पोचेपर्यंतच जीभ बाहेर आली होती, तरी सुळक्याच्या पोटात कोरलेल्या त्या उंच पायऱ्या हट्टाने चढलो. रात्री तांब्यावर तांबे पाणी ढोसलं. जे काही असेल ते पातळ तरी होईल! पहाटे बायको म्हणाली, “अहो, तिकडेच अंथरूण घालू का?”

सकाळी बाटली पिशवीत घालून खोपोली लोकल पकडली. तपासणीवाल्या पोराने ती उजेडात धरली. “काका, नळाचं आणलंत का?”

रिपोर्ट आला ७२. हवं ३०च्या आत.

डॉक्टर आधी पोटभर हसले. या तपासणीत अल्ब्युमिन क्रिएटिनिनशी ताडून बघतात. पाण्याने दोन्ही सारखीच पातळ होतात, गुणोत्तर जागच्या जागी. अंड्याचा संबंधच नाही, रक्तातलं अल्ब्युमिन यकृत बनवतं. आणि दमछाक होईस्तोवर व्यायाम केला की लघवीतलं अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तापात आणि संसर्गातही वाढतं. थोडक्यात, पेठने मला नापास केलं.

“मग किडनीचं काही नाही ना? रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे माझं,” मी मिशीवर ताव दिला. डॉक्टर हसायचे थांबले. क्रिएटिनिन उशिरा बोंब मारतं म्हणाले, अल्ब्युमिन आधी. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर झिरपायला लागलं, की हृदयाकडच्या वाहिन्याही बिघडत असल्याची शंका घ्यायची. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने १८२७ साली लघवी तापवून त्यात साकळणारं अल्ब्युमिन दाखवलं. अशा रोग्यांची हृदयं मोठी झालेली त्यालाच पुढे आढळली. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन शहरात १९९७-९८ला ४० हजारांहून अधिक लोकांची सकाळची लघवी तपासली. ज्यांचं अल्ब्युमिन जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने जाणारेही जास्त निघाले. ‘नॉर्मल’ समजल्या जाणाऱ्या आकड्यांतसुद्धा आकड्यागणिक धोका चढता होता.

पुढच्या तीन महिन्यांत गडकिल्ले वर्ज्य करून पुन्हा नमुने दिले. आकडा उतरला, पण ३०च्या खाली काही गेला नाही. आता बीपीची अशी गोळी चालू आहे जी मूत्रपिंडातली गळतीही कमी करते, आणि ताटातलं लोणचं समोरच्याच्या ताटात गेलंय.

तुम्हाला मधुमेह किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा ही तपासणी स्वतःहून मागून घ्या. फक्त आदल्या दिवशी पेठ चढू नका.