वजा लोकमान्य

मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी गाणी शोधायला बसलेल्या माणसाला इंटरनेट आधी लोकमान्यांकडे पाठवतं. आपण लिहावं 'टिळक भजन', त्यानं दाखवावा केसरीवाडा, गणेशोत्सव आणि मंडाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक या गर्दीत मागे कुठेतरी हात बांधून उभे असतात. अशा वेळी आमच्या मंडळीतली तरुण मुलं सल्ला देतात, "काका, अ‍ॅडव्हान्स्ड सर्च वापरा. नको असलेल्या शब्दाला वजा चिन्ह लावायचं."

लावलं. वजा लोकमान्य. (हे टाइप करताना पुण्याच्या माणसाचं बोट जरा अडखळतंच.) गणपती गेले, मंडाले गेलं आणि त्यांच्यापाठोपाठ रेव्हरंडही निघाले. कारण त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक सुरुवातीलाच बजावून टाकतात, की हे लोकमान्य नव्हेत. यंत्राला त्यातलं 'नव्हेत' कळत नाही, 'लोकमान्य' तेवढं दिसतं.

हा उद्योग तिकोणा पेठेत चालला होता. पाऊस सरला की आमच्या मंडळीचं शिबिर पवना धरणाच्या काठी भरतं. रविवारची उपासना गडाच्या पायथ्याशी. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाच्या प्रती पुण्याहून कोण वाहून आणणार, म्हणून पाळकसाहेबांनी गाण्यांचा कागद तयार करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. रेंज मिळे ती मुक्कामाच्या घराच्या गच्चीवर, तीही टाकीच्या बाजूच्या कोपऱ्यात. समोर तिकोणा, पाण्यापलीकडे तुंग, आणि शेजारी घरच्या मावशी ताटात इंद्रायणी तांदूळ घेऊन निवडत बसलेल्या. माझंही तेच चाललं होतं म्हणा. फक्त माझ्या ताटात खडा फेकला की त्याच्याबरोबर मूठभर तांदूळही जायचे.

"काय शोधताय एवढं?" मावशींनी विचारलं.

"देवाची गाणी."

"मग आमच्या भजनी मंडळाची वही देऊ का?"

मावशींच्या वहीत निघाले असते तुकोबा. आणि नेमके तुकोबाच मला वाटेतून बाजूला करायचे होते, कारण 'अभंग' लिहिलं की पडदाभर तेच येतात. पण तुकोबांना वजा करणं लोकमान्यांपेक्षाही महागात पडतं. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतःच सांगत. पूलच काढून टाकला तर टिळक अलीकडे येणार कसे? लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी याच मावळातून देहूला जाते. इथल्या गच्चीवर बसून देहूकराला वजा करण्याची बुद्धी व्हावी, यात यंत्राचा तरी काय दोष!

टिळकांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. मिशनऱ्यांच्या काळात मराठी शब्द इंग्रजी चालींवर चढवून गायचे, आणि ते कुठे तोकडे तर कुठे ढगळ होत. सांगळे-टिळकांनी आपलंच कापड घेतलं : ओवी, अभंग, पद.

आता वृत्ताची गोष्ट. इंग्रजी स्तोत्रांच्या मोठ्या संग्रहांत वृत्तावरूनही शोध घेता येतो, तो ओळीतल्या अक्षरांच्या आकड्यांनी. ८-६-८-६ म्हटलं की त्या मापाची सगळी स्तोत्रं रांगेत उभी. आपल्या मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४. ते धरून शोधत गेलं, तर शेजारी ६-६-४-६-६-६-४ हे माप भेटतं, आणि त्या मापात बसलेलं असतं साक्षात ब्रिटनचं राष्ट्रगीत. त्याचे शेवटचे चार चरण मोजून पाहा, सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकसुद्धा ओढूनताणून जुळतं. बकिंगहॅम राजवाड्यासमोर टाळ-मृदंग घेऊन उभं राहायला हरकत नाही, एवढाच याचा अर्थ. त्या दिवशी माझ्या कामाला तो काही आला नाही.

काम अडलं होतं लिपीवर. जुन्या संगणकांवर श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली गाणी आज उघडली, तर तो फॉन्ट नसेल तिथे रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. शोधयंत्राला त्यातला 'येशू' सापडायचा कुठून? स्कॅन केलेली पानं असतात, पण बरीचशी नुसती चित्रं. उरले व्हिडिओ. त्यांची नावं मुलं रोमनमध्ये लिहितात, ज्याला जसं वाटेल तशी. यावर नाक मुरडणाऱ्या आमच्या एका वडीलधाऱ्यांना मी फादर स्टीफन्सची आठवण करून देतो. त्यांचं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीतच. मुलं परंपरा पाळतायत.

संध्याकाळपर्यंत गाणी जमली. शब्द अवतरणचिन्हांत घालून, फाइलचा प्रकार पीडीएफ ठरवून आणि वजा चिन्हाला रजा देऊन. लोकमान्य, तुकोबा, गणपती सगळ्यांना येऊ दिलं आणि त्यांच्यामधून वाट काढत गेलो. कागद घेऊन पेटीवाल्याकडे गेलो. त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"शब्द ठीक आहेत. पट्टी कोणती?"

शोधाच्या पानावर भाषेचा रकाना आहे, देशाचा आहे, तारखेचा आहे, पट्टीचा नाही. काळी एक म्हटलं, तर बायका म्हणाल्या, आमची ओढाताण होते. पांढरी पाच म्हटलं, तर पुरुषांनी माना खाली घातल्या. जेवणाची भाकरी निवून गेली तरी दोन्ही पक्ष हटेनात, आणि पेटीवाला आपला भाता हलवत, येईल तो आकडा धरून बघत राहिला.