आपला ब्राउझर जुना आहे, आणि आपणही

जुना ब्राउझर घेऊन संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाचे करायचे काय, हा प्रश्न डिझाइनर मंडळींनी एकदाचा निकालात काढला आहे. त्याने यायचेच नाही.

दाराशी पाटी असते: 'कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करा.' तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, लॅमिनेशनच्या मशीनशेजारी विंडोज ७ चा संगणक असतो. अर्ध्या गावाचे अर्ज त्याच्यावरून जातात. दुकानदाराने पाटी वाचून क्रोम अद्ययावत करायला जावे, तर विंडोज ७ साठी १०९ वी आवृत्ती शेवटची. फेब्रुवारी २०२३ पासूनचे क्रोम विंडोज १० मागते, विंडोज १० जास्त रॅम मागते, रॅम पैसे मागते. आणि समोर बाकड्यावर बसलेला माणूस आलेला असतो अनुदान मागायला.

पाटी लावणारे तरी सभ्य म्हणायचे. बाकीच्यांकडे नुसते पांढरे पान येते. त्यामागचे शास्त्र मात्र ऐकण्यासारखे आहे. एचटीएमएल स्वभावाने भिडस्त. न समजलेला टॅग दिसला की ब्राउझर त्याच्याकडे काणाडोळा करतो आणि आतला मजकूर दाखवतो. सीएसएसही तशीच, कळली नाही ती ओळ गाळून पुढे जाते. या गरीब स्वभावामुळे टिम बर्नर्स-ली यांचे सर्नमधले जगातले पहिले संकेतस्थळ आजच्या ब्राउझरमध्येही मुकाट उघडते. डिझाइनच्या दृष्टीने लाजिरवाणीच गोष्ट! त्यात काहीही सरकत नाही, काहीही उगवत नाही, नुसते वाचता येते.

जावास्क्रिप्ट मात्र मानी. फाईलमध्ये व्याकरणाची एक खूण अनोळखी निघाली, तर अख्खी फाईल चालायला नकार देते. २०२० मध्ये या भाषेत प्रश्नचिन्हाला टिंब चिकटवून लिहायची अधिकृत सोय झाली. प्रोग्रामरची ओळभर टंकणी वाचते. जिओफोनच्या पोटात २०१६ च्या फायरफॉक्स ४८ चे इंजिन आहे, त्याने ही खूण जन्मात पाहिलेली नाही. तेवढ्या टिंबापायी अर्ज गुल, नियम गुल, कार्यालयाचा पत्ताही गुल, कारण हे सगळे जावास्क्रिप्टच आणून मांडणार होती. पत्तासुद्धा! कार्यालय बिचारे आहे तिथेच आहे.

यावर तोड नाही असे नाही. आधी साधा फॉर्म द्यावा, बटण दाबले की थेट सर्व्हरकडे जाणारा. मग ज्या ब्राउझरला जेवढे दागिने पेलतील तेवढे घालावेत. ब्रिटिश सरकारच्या सेवांना तसा दंडकच आहे: जावास्क्रिप्ट पोचली नाही तरी माणसाचे काम व्हायला हवे. त्यांचे ठीक आहे हो. त्यांना मुखपृष्ठावर मंत्र्यांचे फोटो सरकवायचे नसतात.

आपली परंपरा वेगळी. पूर्वी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे' असा फलक असे. मराठी वर्तमानपत्रे आपापला फाँट पाठवत आणि तो एक्सप्लोररलाच उमगे. दुसरीकडे अग्रलेख उघडला की रोमन अक्षरे, कंस आणि टोप्या घातलेले स्वर यांची रांग दिसे. (काही अग्रलेख तसेच जास्त स्पष्ट वाटत.) १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निवृत्त केले. ज्यांनी इतकी वर्षे त्याच्याशिवाय दार उघडले नाही, त्यांनी फलकावरचे नाव तेवढे बदलून 'क्रोम' केले. रंगसुद्धा तोच ठेवला.

एवढे करून एखाद्या बैठकीत कुणी भीत भीत जुन्या फोनवाल्यांचा विषय काढलाच, तर डिझाइनरसाहेब लॅपटॉप फिरवून आकडेवारी दाखवतात. या महिन्यात जुन्या ब्राउझरवरून आलेले लोक: शून्य. आता एवढ्यांसाठी कोण राबणार? बैठकीला पटते, चहा येतो. पाहुणे मोजणारी स्क्रिप्ट त्याच न चालणाऱ्या फाईलमध्ये बांधलेली आहे, हे सांगायला तिथे कुणी नसते; ज्याला ठाऊक आहे तो त्या फाईलला प्रश्नचिन्हे आणि टिंबे जोडण्यात गुंतलेला असतो.